दूषित भूजलात औषध सोडताना: ठोकसळई, इंजेक्शन विहीर की फ्रॅक्चरिंग?

दूषित भूजल जमिनीतच स्वच्छ करायला औषध सोडतात. परमँगनेट वापरा, लोखंडाची भुकटी वापरा नाहीतर जिवाणूंना खाद्य म्हणून वनस्पती तेलाचे इमल्शन. प्रदूषणाला भिडले नाही तर ते वाया गेले. म्हणून आधी जमीन पाहावी, औषध नंतर ठरवावे.

वाळू किंवा गाळ, खोली १०-१५ मीटर आणि मात्रा एकदाच द्यायची असेल तर ठोकसळई, म्हणजे डायरेक्ट पुश, सर्वांत स्वस्त. पोकळ पोलादी सळई ठोकत न्यायची, थरागणिक द्रावण सोडायचे, भोक बेंटोनाइटने (पाण्याने फुगणाऱ्या मातीने) बुजवायचे. घट्ट मुरूम किंवा धोंडे लागले की सळई अडते, त्यामुळे दख्खनच्या कातळावर ही पद्धत वरच्या मातीपुरतीच.

मात्रा पुन्हापुन्हा द्यायची असेल, जैविक उपचारात (जिवाणूंकडून प्रदूषण संपवताना) बहुधा लागतेच, तर पक्की विहीर बांधा: ५० मिमी पीव्हीसी, दूषित थरासमोर जाळीचा पाइप, भोवती बारीक खडी, वर बेंटोनाइट आणि सिमेंट ग्राउट. जाळी ३ मीटरपेक्षा लांब नको. लांब जाळीतून द्रावण सोप्या थरात पळते आणि घट्ट थर कोरडाच राहतो. परमँगनेटमुळे जाळीत मँगनीज डायऑक्साइड साचतो, तेल-साखरेमुळे जिवाणूंचा चिकट थर धरतो, आणि जाळी बुजते. म्हणून दर मात्रेनंतर साधे पाणी ढकला. लोखंडाची भुकटी मात्र या विहिरीतून नकोच, खडीतच अडकते.

चिकणमातीत दोन्ही पद्धती थकतात. तिथे गवारगमच्या जेलमधून वाळू किंवा लोखंड दाबाने घुसवून भेगा पाडतात, म्हणजे फ्रॅक्चरिंग. जमीन उचलली जाते, म्हणून पाया, गटार, गॅसवाहिनीजवळ हे करू नये.

गफलत होते ती आकारमानात आणि दाबात. २ मीटर त्रिज्या, ३ मीटर जाडीचा थर, १० टक्के प्रभावी सच्छिद्रता (ज्यातून पाणी वाहते ती पोकळी): एका ठिकाणी सुमारे ३,८०० लिटर लागतात. ५०० लिटरच सोडले तर द्रावण पाऊण मीटरही जात नाही. निविदेत लिटर कमी दिसले तर हा हिशेब आधी मागा. मग वेळ वाचवायला पंपाचा दाब वाढवतात. ५ मीटर खोलीवर मातीचा भार सुमारे १०० किलोपास्कल. पाइपातला द्रवस्तंभच त्यातले ५० खातो. म्हणजे वरच्या गेजवर ५० च्या आत राहायचे. ओलांडले की माती फाटते आणि द्रावण जुन्या बोअरमधून वर येते.

प्रदूषणाच्या उगमाला हात लावता येत नसेल तर भूजलाच्या वाटेतच लोखंडाच्या भुकटीची, पाणी आरपार जाऊ देणारी भिंत उभारता येते. अमेरिकेत एलिझाबेथ सिटीत १९९६ मध्ये हेक्साव्हॅलंट क्रोमियमसाठी (क्रोमियमचे विषारी रूप) ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल अशी भिंत घातली. खंदक खणता आला तरच हे जमते. कातळात ते महागात पडते.

कातळात बोअर घेऊन दोन रबरी पॅकरमध्ये (फुगवून बोअर बंद करणारी बुचे) एकेक भेग वेगळी करावी. भेगांची पोकळी थोडी असल्याने थोडे द्रावणही फार लांब जाते, शेजारच्या पिण्याच्या बोअरपर्यंतसुद्धा. म्हणून आधी पाण्याचा माग दाखवणारे फ्लुओरेसीन किंवा ब्रोमाइड सोडून आसपासच्या विहिरी तपासा, औषध त्यानंतरच.