मांडीवर बाळ की कार सीट?
आमच्या आईचं एकच, "माझ्या मांडीवर असताना काय होतंय त्याला!" पण गाडी ५० च्या स्पीडला आदळली की १० किलोचं पोर हातातून सुटतंच, कितीही घट्ट धरा, आणि धरणाऱ्याने बेल्ट लावला नसेल तर त्याचंच वजन बाळावर येतं. कार सीटचे पट्टे तो झटका खांद्या-कमरेवर वाटून घेतात, तान्ह्याची सीट मागे तोंड करून लावली की मान-डोकं-पाठ एकदम सावरतं. फक्त पुढच्या एअरबॅगसमोर नको, मागेच. रडतं? हो, आमचं लोणावळ्यापर्यंत रडलं, मग झोपलं. पोराला असं न बांधता नेलं तर १००० रुपये दंड आहे तो वेगळाच. आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत आला तर सैल आहे, अजून ओढा.