६००च्या खोक्यात आय-टाइप: नाशिककरांनो, फिल्म घेताना कॅसेट बघा

फोटो लगेच छापून बाहेर देणारा जुना पोलरॉइड ६०० कॅमेरा बंद पडला म्हणून विकायला काढला असेल, तर थोडं थांबा. कॉलेज रोडवर झालेला एक व्यवहार असा: ६००च्या खोक्यातले फिल्मचे चार पॅक रोखीने घेतले. पहिला पॅक कॅमेऱ्यात घातला, झाकण नीट बसलं, पण आत काहीच हललं नाही. विकणाऱ्याने फोनवरच सांगून टाकलं, ‘मोटर गेली. सुट्या भागांसाठी मी घेतो.’ कॅमेरा मातीमोल भावात त्याच्याकडे गेला. कॅमेरा धडधाकट होता. खोटं होतं ते खोकं, आत आय-टाइप फिल्म होती.

६००च्या कॅसेटच्या, म्हणजे फिल्म भरलेल्या प्लास्टिकच्या डबीच्या, तळाशी ६ व्होल्टची चपटी बॅटरी असते आणि जुन्या कॅमेऱ्याची मोटर, फ्लॅश सगळं तिच्यावरच चालतं. आय-टाइप फिल्म स्वतःची बॅटरी असलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी आहे, त्यामुळे पॅकमध्ये बॅटरी नसते आणि ती स्वस्त पडते. आकार तोच, आठ फोटोही तेवढेच. नव्या कॅमेऱ्यात ६०० चालते. जुन्यात आय-टाइप कधीच चालत नाही.

‘फॉइल फोडलं की फिल्म वाया जाते’ असं सांगून असे खोकी बदलणारे विक्रेते पॅक उघडू देत नाहीत. हे साफ खोटं आहे. कॅसेटच्या तोंडावर काळं कार्ड असतं, तेच उजेड अडवतं. सावलीत उभं राहून एक पॅक विकणाऱ्यासमोरच फोडा. कॅसेट उलटी करा: ६०० असेल तर तळाच्या दोन छिद्रांतून बॅटरीचा धातू दिसतो. मल्टिमीटर असेल तर त्या दोन ठिकाणी टेकवा, ६ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. काळं कार्डच नसेल तर तो पॅक आधी कॅमेऱ्यात जाऊन आलेला आहे, घेऊ नका.

बॅटरी जिवंत निघाली म्हणून फिल्म ताजी ठरत नाही. उत्पादनाची तारीख खोक्यावर असते आणि इथे खोकंच बदललेलं. कंपनी बारा महिन्यांत वापरा म्हणते, साठवण ४ ते १८ अंशांत. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये कपाटात पडून राहिलेला पॅक पिवळट-लालसर रंग देतो. रसायन सुकलं असेल तर ते रोलरखाली पूर्ण पसरत नाही आणि फोटोचा एक कोपरा कोराच राहतो. ‘फ्रीझरमध्ये जपलेली’ फिल्म तर अजिबात नको. पोलरॉइड गोठवायची नसते, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची.

‘ताजी एफपी-१००सी’ (फुजीची जुनी, सोलून काढायची इन्स्टंट फिल्म) म्हणून कुणी दाखवली तर सरळ निघून या, फुजीने ती २०१६ साली बंद केली. पोलरॉइडची स्पेक्ट्रा फिल्मही २०१९ पासून बनत नाही.

सिंहस्थासाठी हातात लगेच फोटो हवा असेल तर आमच्या मते फुजीचा इन्स्टॅक्स कॅमेरा घ्या. फिल्म आयएसओ ८०० (उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा), पॅकमध्ये दहा फोटो, मुदत खोक्यावर छापलेली, आणि बॅटरी कॅमेऱ्यात असल्याने हा डाव तिथे चालतच नाही. इन्स्टॅक्स मिनीचा फोटो ६२ × ४६ मिमीचा, इन्स्टॅक्स वाइडचा ९९ × ६२. पोलरॉइडचा मऊ रंग त्यात मिळत नाही, हे खरं.

आणि कॅमेरा हललाच नाही, तर खात्रीच्या दुकानातला एक ६००चा पॅक घालून बघा. काळं कार्ड घर्रकन बाहेर आलं, तर कॅमेरा शाबूत आहे.