मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र: खाऱ्या हवेत टिकतं का?

पाचपैकी चार. कुठे गुण कापला ते ओघात येईलच.

आधी वस्तू काय ते सांगतो. मोठ्या टाइपातलं मराठी पवित्र शास्त्र, 66 पुस्तकांचं, काळं रेक्झिनचं कव्हर, तीन बाजूंनी चेन, आत लाल रिबीन. आम्हा कॅथलिकांचं बायबल 73 पुस्तकांचं. त्यातलं तोबीत यात नाही, मक्काबी नाहीत. हे माहीत असूनच घेतलं, कारण सणाच्या दिवशी चर्चबाहेर लागलेल्या स्टॉलवर एवढ्या मोठ्या अक्षराचं दुसरं काही नव्हतं आणि मला चष्मा लावूनही बारीक टाइप वाचवत नाही. बायकोने नाक मुरडलं. फादरना विचारलं तर ते म्हणाले, "आधी आहेत ती सहासष्ट वाच, उरलेल्या सातांचं मग बघू."

किंमत बोटीला एका फेरीला लागणाऱ्या बर्फापेक्षा कमी. त्यावर जास्त बोलायला नको.

आता, कोणासाठी? मे 2021 मध्ये तौक्ते वादळ मुंबईसमोरून गुजरातकडे सरकलं, तेव्हा वसईच्या बंदरात नांगरलेली आमची बोट शेजारच्या बोटींवर आपटून फुटली. खलाशी सगळे घरी होते. पण इंजिनाचं कर्ज फिटायचं होतं, पुढे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, आणि वर कोरोना होताच. झोप उडाली. रात्री तीनला जाग यायची ती थेट हिशेबातच. मोबाइलवर लोक वचनांची चित्रं पाठवायचे: सूर्योदय, कबुतर, खाली "भिऊ नको". पाठवणाऱ्यांचं मन चांगलं, पण माझा हप्ता आणि ते कबुतर यांची गाठ काही पडत नव्हती. अशा अवस्थेत जो असेल त्याच्यासाठी हे लिहितोय.

बायबल उत्पत्तीपासून सुरू करू नका. दर्यावर्दी माणसाने तर थेट प्रेषितांची कृत्ये उघडावं, अध्याय 27. मीही तिथूनच सुरुवात केली आणि बराच काळ तिथून हललो नाही.

येशूचा प्रेषित पौल कैदी आहे, त्याला जहाजातून रोमला नेतायत. यहुद्यांचा उपासाचा दिवस होऊन गेलाय, म्हणजे हिवाळा तोंडावर, दर्या बंद व्हायची वेळ. पौल सांगतो, आता निघू नका, नुकसान होईल. पण तांडेल, म्हणजे जहाज हाकणारा, आणि जहाजाचा मालक म्हणतात, हे बंदर हिवाळा काढायला सोयीचं नाही, पुढच्या बंदरात जाऊ. (असे तांडेल आमच्याकडेही आहेत. नावं घेत नाही.) आणि ईशान्येचा वारा सुटतो. मागची होडी वर ओढतात, जहाजाला खालून दोरखंड आवळतात, माल पाण्यात टाकतात, तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामानसुद्धा. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा वास लागतो. बुडीद, म्हणजे खोली मोजायची वजनाची दोरी, सोडतात तर वीस वाव (पसरलेल्या दोन हातांएवढं एक वाव). थोडं पुढे गेल्यावर पंधरा. मग मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघत बसतात.

इथे मी थांबलो. आपण नांगर टाकतो तो नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, मग बोट वाऱ्याला तोंड देते. मागून टाकला तर लाटा मागून चढतात. मग असं का केलं असेल? कारण किनारा समोर आहे, काळोख आहे, आणि सकाळी जहाज सरळ वाळूवर घालायचंय. नाळेकडून नांगर टाकला असता तर जहाज गर्रकन फिरलं असतं, आणि मागे खडक. हे घरात बसून सुचत नाही. लिहिणारा लूक या भागात "आम्ही" असं लिहितो. तो त्या जहाजावर होता हे मला प्रवचनांनी जितकं पटलं नसतं तितकं या चार नांगरांनी पटवलं.

पण खरी गोष्ट त्याच्या आधी आहे. पौल लोकांना सांगतो की कोणाच्या जिवाला धोका नाही, नाश होईल तो फक्त जहाजाचा. वारा पडेल असं तो म्हणत नाही. जहाज वाचेल असंही नाही. जहाजावर 276 माणसं होती; सगळी किनाऱ्याला लागली, पोहता येणारी पोहून, बाकीची फळ्यांवर. जहाज मात्र फुटलंच.

माझी बोट जायला नको होती, यातून माझं डोकं बाहेर पडत नव्हतं. हा अध्याय परत परत वाचल्यावर प्रश्न बदलला: बोट गेलीय, आता फळी कुठली? चुलतभावाच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला मी तयार झालो. मालकाने दुसऱ्याच्या बोटीवर जाळी ओढायची म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत राहणाऱ्यालाच कळेल.

मात्र हे औषध सगळ्यांना एकाच मापाने देऊ नका. त्याच वादळात बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ कामगारांचा पी-305 तराफा बुडाला, कितीतरी घरची माणसं परत आली नाहीत. त्यांच्या घरी जाऊन "जहाज गेलं, माणसं वाचली" वाचून दाखवणार का? त्यांच्यासाठी याच पुस्तकात स्तोत्र 88 आहे. ते अंधारावरच संपतं. शेवटी आशेचं एक वाक्यही नाही, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. असं काही बायबलमध्ये असेल हे मला माहीत नव्हतं. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जी स्तोत्रं कानावर पडतात ती बहुतेक गोड असतात.

पौल रोमकरांना लिहितो की मनाच्या नवीकरणाने तुमचं रूपांतर होऊ द्या. ऐकायला छान, पण रात्री तीनला हे करायचं कसं? मला उपयोगी पडला फिलिप्पैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय, आठवं वचन: जे सत्य, जे आदरणीय, जे न्याय्य, जे शुद्ध, त्यांचं मनन करा. तो हे तुरुंगातून लिहितोय. मी पहिल्याच शब्दाला अडकून बसायचो. "बँक इंजिन ओढून नेणार." सत्य आहे? नाही, अजून नोटीसही आलेली नाही. "हप्ता थकलाय." सत्य. मग सकाळी बँकेत जाऊन बोलायचं. "पोराचं शिक्षण बंद पडणार." हे कोणी सांगितलं? कोणीच नाही, मीच. काही रात्री नुसत्या या चाळणीत गेल्या. चिंता गेली नाही, पण तिच्यातला खोटा भाग गळून पडला, आणि तो बराच मोठा होता.

आता तक्रारी. कागद पातळ, पलीकडची अक्षरं दिसतात. ट्यूबलाइटखाली ठीक, बॅटरीच्या उजेडात त्रास होतो. पावसाळ्यात पानं दमट होऊन एकमेकांना चिकटतात, पंख्याखाली उघडून ठेवावं लागतं. सुक्या बोंबलांच्या डब्याशेजारी अजिबात ठेवू नका, विलापगीत या पुस्तकाच्या पानांना अजून वास येतो. चेन खाऱ्या हवेने पहिल्याच वर्षी गंजली. त्यावर मेणबत्तीचा तुकडा घासला की सरकते, पण गुण कापला तो तिथेच. शिवण मात्र भक्कम, इतके पावसाळे झाले तरी एक पान सुटलेलं नाही.

भाषा जुन्या वळणाची आहे. पोरं मोबाइलवर वाचतात, बायको म्हावरं साफ करताना ऑडिओ लावते. तिला तेच बरं पडतं. मला पेन्सिलीने खुणा करायला कागद लागतो.

माझ्या प्रतीत नकाशा नाही, आणि तो हवाच होता. पौलाचं जहाज वादळात सापडलं ते क्रीट बेटाजवळ आणि फुटलं ते माल्टाला; ही दोन्ही मी पोराच्या शाळेच्या ॲटलासात शोधली आणि मधलं पाणी बोटाने मोजलं, तेव्हा कुठे चौदा रात्रींचा अंदाज आला. नकाशावाली आवृत्ती मिळाली तर चार पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.