‘मुलं फुकट’च्या नावाखाली नाटकाच्या तिकिटांत १,७०६ रुपये गेले

‘दोन मोठ्यांच्या तिकिटावर दोन मुलं मोफत’ अशी बालनाट्याची जाहिरात पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली असेल तर पैसे भरू नका. माझे गेलेत, आणि नाट्यगृहाच्या दारातून दोन्ही मुलांना रडत घरी आणावं लागलंय.

३०० रुपयांची दोन तिकिटं, म्हणजे ६००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १०८. मग मुलांच्या ‘फुकट’ सीटसाठी प्रत्येकी ४९९ रुपये ‘परत मिळणारं डिपॉझिट’, ९९८.

पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं. नाट्यसंस्थेचं नाही, कुणा एका माणसाचं. मी ते वाचलं आणि तरी पिन टाकला. हे काही केल्या डोक्यातून जात नाही. पण मला वेड्यात काढण्याआधी सांगा, मराठी नाटकाची तिकिटं आपण कशी काढतो? व्यवस्थापकाला फोन करायचा, त्याच्याच नंबरवर पैसे पाठवायचे, तिकिटं खिडकीवर आपल्या नावाने ठेवलेली असतात. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. त्यात पोस्टर खरं, तारीख-वेळ खरी, प्रयोगही खरोखर लागलेला. संशय यावा कशावरून?

जीएसटीवरून यायला हवा होता. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागतच नाही! ३०० च्या तिकिटावर कर मागणारा माणूस चोरच. पाठवलेल्या तिकिटावर रांगेचं अक्षर नाही, खुर्चीचा नंबर नाही, नुसतं ‘आसन प्रवेशद्वारावर मिळेल’. आणि बालनाट्याला मुलंच फुकट सोडली तर निर्मात्याच्या हाती काय राहणार? नाटकाच्या जाहिरातीत खाली ‘तीन वर्षांवरील मुलांना पूर्ण तिकीट’ असं छापलेलं असतं, ते वाचत चला.

डोअरकीपरने मोबाइल बघून खिडकीवर पाठवलं. खिडकीवरचा म्हणतो, ‘असे अजून येऊन गेलेत.’ मग काचेवर एक सूचना चिकटवायला काय झालं होतं? प्रयोग हाउसफुल, आम्ही बाहेर.

बँकेचं उत्तर, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ पोलीस ठाण्यात आधी ‘नाट्यगृह आमच्या हद्दीत नाही’. अहो, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे सांगितल्यावर साहेबांचा आवाज चढला. ‘सतराशे रुपयांसाठी एवढं?’ म्हणे! चोराला हेच तर हवंय. रक्कम एवढी लहान ठेवायची की कुणी ठाण्याची पायरी चढू नये, आणि चढलाच तर पोलिसांनीच त्याला लाजवून परत पाठवावं. अर्ज घेतला, पोच द्यायलाही कुरकुर. अर्ज दिलात तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका.

पैसे गेले की बँकेत रांग लावण्याआधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम अडवता येते. मी प्रयोगाच्या दिवसापर्यंत गाफील होते, तोवर खातं रिकामं. चॅट आणि यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट आधी काढा, मग नंबर ब्लॉक करा. डिपॉझिट मागितलं की फोन ठेवा.

ज्यांचे असेच पैसे गेलेत त्यांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका, ४९९ असले तरी टाका. एकाच खात्याविरुद्ध ढीगभर तक्रारी आल्या तर ‘एवढं काय’ म्हणायची सोय कुणालाच उरणार नाही.