ॲबी रोड चेंबर्स प्लगइन: लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत वापरून बघितल्यावर

वेव्हज कंपनीचं ॲबी रोड चेंबर्स हे प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, मी गेली दोन वर्षं वापरतोय, मुख्यतः आईच्या अभंगांसाठी. भजनी मंडळात कोणी घरच्या घरी रेकॉर्डिंग करत असेल, किंवा स्वतःची गाणी मोबाइलऐवजी जरा नीट रेकॉर्ड करायचा विचार असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्लगइनबद्दल कमी आणि ते ज्याच्यावरून बनवलंय त्या लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओबद्दलच जास्त बोलणार आहे असं वाटेल, पण माझं म्हणणंच ते आहे, की तो स्टुडिओ काय होता हे कळल्याशिवाय यातलं एकही बटण नीट फिरवता येत नाही. मी पहिले तीन महिने काहीही माहीत नसताना वापरलं आणि सगळं आंघोळीच्या खोलीत गायल्यासारखं करून ठेवलं होतं.

आधी थोडं मागचं. आई अडुसष्ट वर्षांची आहे, चाळीस वर्षं मंडळात गातेय आणि तिचा आवाज कुठेच ठेवलेला नव्हता. म्हणून तासावर भाड्याने मिळणारा एक स्टुडिओ घेतला, नाव लिहीत नाही. तिथे एसीचा आवाज होता, काचेपलीकडचा मुलगा सारखा घड्याळ बघत होता, आई हेडफोन लावून इतकी बावरली की अंतऱ्याला सूर खाली आला, आणि वर त्याने आवाजाला असला तयार इको लावून दिला की शब्द कळेनात. पैसे गेले त्याचं काही नाही, पण आई घरी येताना टॅक्सीत म्हणाली "माझा आवाज गेलाय रे आता", ते मला फार लागलं. आवाज गेला नव्हता.

मग घरीच सुरू केलं. लालबागला आमची खोली, खाली रस्ता, पलीकडे रेल्वे, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. कपाटाची दारं उघडी टाकून त्यावर दोन गोधड्या, खिडकीला सतरंजी, पंखा बंद. आणि वेळ पहाटे तीनची, कारण शेवटची लोकल गेलेली असते आणि नळाचं पाणी, पंप वगैरे अजून सुरू झालेलं नसतं. आईला काकड्याला उठायची सवय, तिला तीन वाजता सूर लावायला काही वाटत नाही, उलट म्हणते की तेव्हाच गळा मोकळा असतो. आता गोधड्यांमुळे काय होतं की आवाज स्वच्छ येतो पण एकदम कोरडा, कानाशी येऊन बोलल्यासारखा, गाणं कुठल्या जागेत चाललंय तेच कळत नाही. ती जागा आणायला हे प्लगइन.

इको चेंबर म्हणजे काय तर एक रिकामी, कडक भिंतींची खोली. तिच्यात एका बाजूला स्पीकर आणि दुसरीकडे माइक. गायकाचा आवाज त्या स्पीकरमधून सोडायचा, तो भिंतींवर आपटत फिरतो, माइक ते पकडतो आणि मूळ आवाजात हवा तेवढा मिसळायचा. देवळाच्या गाभाऱ्यात घंटा वाजवल्यावर जे मागे राहतं ना, तेच, फक्त हवं तेव्हा आणि हवं तेवढं. ॲबी रोडच्या दोन नंबरच्या स्टुडिओच्या, म्हणजे स्टुडिओ टूच्या चेंबरमध्ये लोकांनी चक्क सांडपाण्याचे चकचकीत मातीचे पाइप उभे करून ठेवले होते, माणसाएवढे उंच. का, तर दोन सपाट भिंतींमध्ये आवाज एकाच रेषेत येजा करायला लागला की टणटण असा घाण नाद येतो, आणि गोल पाइपवर आपटला की सगळीकडे पसरतो. मला ही गोष्ट इतकी आवडते. जगातली एवढी मोठी रेकॉर्ड कंपनी, पण उपाय गटाराच्या पाइपचा, आणि तो अगदी बरोबर चालला. या प्लगइनमध्ये त्याच खोलीचा नाद उतरवलाय, शिवाय तिथल्या आरशांच्या खोलीचा आणि दगडी खोलीचाही आहे.

आता स्टुडिओ. लंडनमध्ये सेंट जॉन्स वूड भागात ३, ॲबी रोड हे एकोणिसाव्या शतकातलं राहतं घर होतं, मागे मोठी बाग. ग्रामोफोन कंपनीने १९२९ मध्ये ते विकत घेतलं आणि बागेच्या जागेत स्टुडिओ बांधले, म्हणून रस्त्यावरून बघितलं तर आजही साधा पांढरा बंगला दिसतो आणि खरं काम सगळं मागे. ही ग्रामोफोन कंपनी म्हणजे आपल्याकडे कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या ज्यांच्या होत्या तीच, एचएमव्ही. १९३१ मध्ये ती आणि कोलंबिया ही दुसरी रेकॉर्ड कंपनी एकत्र येऊन ईएमआय झाली आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला इंग्लिश संगीतकार सर एडवर्ड एल्गार यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन स्टुडिओ वनमध्ये उद्घाटनाचं रेकॉर्डिंग केलं. त्याच डिसेंबरात कंपनीचा इंजिनीयर ॲलन ब्लमलाइन याने स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९३४ मध्ये याच इमारतीत मोझार्टची सिम्फनी वाजत असताना दोन बाजूंच्या आवाजाचे प्रयोग झाले. म्हणजे आपण हेडफोनमध्ये डावीकडे टाळ, उजवीकडे पेटी ऐकतो ना, त्याची सुरुवात तिथे.

बीटल्स, म्हणजे इंग्लंडचा तो चौघांचा प्रसिद्ध बँड, तिथे पहिल्यांदा आले ६ जून १९६२ ला, स्टुडिओ टूमध्ये. पुढच्या ११ फेब्रुवारीला एका दिवसात दहा गाणी उरकली, आपल्याकडचे जुने वादक ऐकतील तर म्हणतील त्यात काय, आम्हीही तेच करायचो. पण मला त्या चौघांपेक्षा तिथल्या यंत्रांजवळ बसणाऱ्या माणसांबद्दल जास्त प्रेम आहे. तांत्रिक विभागातले लोक पांढरे कोट घालायचे, दवाखान्यातल्यासारखे, आणि सामान हलवणारे तपकिरी. माइक कुठे ठेवायचा याचेसुद्धा नियम. मग १९६६ मध्ये विशीतला जेफ एमरिक मुख्य इंजिनीयर झाला, त्याने मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक अगदी जवळ नेला, जे नियमात बसत नव्हतं. मी कपाटावर गोधडी टाकताना दर वेळी तो स्वेटर आठवतो. त्याच सुमाराला केन टाउनसेंड नावाच्या तिथल्या इंजिनीयरने, गायकाला तीच ओळ पुन्हा गायचा कंटाळा येतो म्हणून, टेपची दुसरी मशीन किंचित मागेपुढे चालवून एका आवाजाचे दोन करायची युक्ती काढली. गरज समोर बसलेल्या माणसाची आणि उपाय हाताशी असलेल्या वस्तूंचा, तिथलं सगळं असंच झालंय.

आणि यात आपल्या मुंबईचा एक धागा आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो. १९६८ च्या जानेवारीत बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं, त्यात शिवकुमार शर्मा होते, हरिप्रसाद चौरसिया होते. इथे तेव्हा मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं न करणारी मशीन होती, तर कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकची स्टीरिओ मशीन कलकत्त्याहून रेल्वेने आणवली. स्टुडिओ ऑफिसांच्या वर, साउंडप्रूफिंग धड नाही, टॅक्सींचा आवाज टेपवर यायचा आणि संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं, हे हॅरिसननेच सांगून ठेवलंय. त्यातलाच एक वाद्यांचा ट्रॅक लंडनला गेला, फेब्रुवारीत ॲबी रोडला त्यावर गायन चढलं आणि मार्चमध्ये तो बीटल्सच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला आला. म्हणजे फोर्टमधली बासरी आणि ॲबी रोडमधला गळा एकाच तबकडीवर. मी पहाटे तीनला मालगाडी जायची वाट बघत बसतो तेव्हा हे आठवून खरंच धीर येतो, या शहरात आवाज पकडणाऱ्या प्रत्येकाने असंच थांबून थांबून काम केलंय.

आता वापराचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिल्टर. ॲबी रोडमध्ये आवाज चेंबरला पाठवायच्या आधी खालचा, जाड भाग साधारण ६०० हर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं) आणि वरचा, बारीक भाग १० हजार हर्ट्झच्या पुढचा कापून टाकायची पद्धत होती, आणि तो फिल्टर यात दिलेला आहे. मी आधी तो बंद ठेवायचो कारण वाटायचं की कापलं तर आवाज गरीब होईल. उलट आहे. मूळ आवाज पूर्णच राहतो, कापायचं ते फक्त खोलीत जाणाऱ्या आवाजाचं, मग खालची घूं घूं जमा होत नाही आणि "स", "श" वर जो फसफसाट होतो तो जातो. आईच्या "सुंदर" मधला स आधी कानाला टोचायचा, आता तो मऊ झालाय, बाकी काही न करता.

आणि चेंबरची खरी परीक्षा घ्यायची तर "विठ्ठल" म्हणून बघा. त्या ठ्ठ वर जीभ क्षणभर अडते, आवाज पूर्ण थांबतो, आणि तेवढ्या फटीत खोली ऐकू येते. तयार मिळणाऱ्या साध्या इकोत त्या फटीत पत्र्यासारखी झणझण यायची. इथे "वि" ची एक बारीकशी सावली तेवढ्या जागेत पडते आणि "ल" येईपर्यंत विरून जाते. मी ते एवढंसं पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. आईला ऐकवलं तर तिने एकदा ऐकलं, मग म्हणाली परत लाव, आणि नंतर "हे आपल्या खोलीत म्हटलेलं नाही वाटत रे, देवळात सभामंडपात बसल्यासारखं वाटतंय". टॅक्सीत जे बोलली होती ते परत कधी बोलली नाही.

सगळ्याला मात्र लावू नका. तबल्याच्या बायाँची घुमक यात पसरते आणि ठेका ढिला वाटायला लागतो, पखवाजाचं तर विचारूच नका. टाळ आरशांच्या खोलीत टाकले तर कान फाटतात. पेटीला अगदी चिमूटभर, तंबोऱ्याला अजिबात नाही, त्याला स्वतःचीच हवा असते. यात स्टीड म्हणून एक भाग आहे, आवाज चेंबरला पोचायच्या आधी टेपवरून थोडा उशिरा पाठवायचा आणि परत परत फिरवायचा, तिथली जुनी पद्धत. संथ अभंगात, जिथे ओळीनंतर जागा आहे, तिथे हे अप्रतिम, पण द्रुत गजरात मागची ओळ पुढच्या ओळीवर चढते. टेपचा तो उशीर गाण्याच्या लयीला जुळवून घ्या, अंदाजे ठेवू नका.

जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक ट्रॅकला वेगळं लावत बसू नका, एका बसवर, म्हणजे अनेक ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या वाटेवर, एकच लावा आणि ज्याला हवं त्याचा सेंड, म्हणजे आवाजाचा हवा तेवढा वाटा, तिकडे न्या. मशीनवरचा भार कमी होतोच, पण सगळे गाणारे एकाच खोलीत बसल्यासारखे वाटतात, ते जास्त महत्त्वाचं. घाईने मूळ किमतीला घेऊ नका, सेल लागत असतो, मी सेलमध्येच घेतलं. आणि अगदी कोरड्या, बाहेरचा आवाज नसलेल्या रेकॉर्डिंगलाच हे शोभतं, तुमच्या खोलीचाच घुमारा टेपवर असेल तर आधी गोधड्यांचं बघा, प्लगइनचं नंतर.

आत्तापर्यंत आईचे एकोणीस अभंग झालेत. कार्तिकात मावशी येणारे, दोघी मिळून काकड्याची पदं म्हणतील, तेव्हा दोन आवाज एकाच चेंबरला पाठवून बघणार आहे, मावशीचा सेंड थोडा जास्त, म्हणजे ती दोन पावलं मागे बसल्यासारखी वाटेल, मंडळात बसते तशीच.