सागवानी बंगईचं लाखेचं पॉलिश (अमळनेर): मिस्त्रींच्या कामाबद्दल

घरात जुनं सागवान असेल आणि कोणी 'गडद रंग मारून टाकू' म्हणत असेल, तर जरा थांबा.

आमची बंगई, म्हणजे फळीचा झोपाळा, आजेसासऱ्यांच्या वेळची. खिडकीकडची बाजू उन्हाने वेगळ्या रंगाची झालेली, कड्यांभोवती काळे डाग, फळीच्या कडेला एक पिवळट पट्टा. आधी जिथे विचारलं तिथे उत्तर एकच: गडद तपकिरी वॉलनट रंग, वर पीयू (पॉलियुरेथेनचा टणक थर), काही दिसणार नाही. पण सागाच्या रेषा झाकायच्याच असतील तर सागवान ठेवायचं कशाला?

या मिस्त्रींनी आधी जुनं पॉलिश पूर्ण उतरवलं. डाग लोखंडाचे निघाले. ओलं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) एकत्र आलं की लाकूड आतपर्यंत काळं पडतं, नुसतं घासून ते जात नाही. त्यांनी ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं (विषारी असतं, हातमोजे घातले, पोरांना लांब बसवलं) आणि नंतर साध्या पाण्याने भरपूर धुतलं. डाग गेले. पिवळट पट्टा म्हणजे खोडाच्या बाहेरच्या भागाचं लाकूड, ते मुळातच फिकं. स्पिरिटमध्ये रंग कालवून बारीक ब्रशने त्यांनी तेवढाच पट्टा हळूहळू गडद केला, बाकीच्या फळीला रंगाचा थेंब नाही. आता तो पट्टा मलाही शोधावा लागतो. असा हात दुर्मीळ आहे.

घासकाम १२०, १८०, मग २२० नंबरच्या पेपरने, रेषेच्या दिशेनेच. आडवे ओरखडे रंग पितात आणि पॉलिशखाली उठून दिसतात.

वर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची शुद्ध लाख), मलमलच्या बोळ्याने. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्पिरिट झटकन उडतं, बोळा फळीला चिकटतो. म्हणून दुपारी कितीही मागे लागा, उत्तर ठरलेलं: "आते नही ताई, सकाय." पावसाळ्यात हे काम ते घेत नाहीत, दमट हवेत लाख पांढरट पडते.

मजुरी सामानासकट साडेसहा हजार. फळीची खालची बाजू मी सांगेपर्यंत कोरीच होती, ते आधीच बोलून घ्या. वेळही लागतो, आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येणार म्हणून घाई होती, बंगई टांगली ती आदल्या संध्याकाळी.

लाखेवर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, सॅनिटायझर सांडलं तर पॉलिशच विरघळतं. जेवणाच्या टेबलाला मी पीयूच करून घेईन. कपाट मात्र दिवाळीनंतर यांच्याकडेच.