डोक्याला मार लागल्यानंतरचं रिहॅब, विश्रामबाग सांगली – आमचा आठ महिन्यांचा अनुभव (४ स्टार)

माझा धाकटा भाऊ, वय ३१, दिवाळीच्या तोंडावर तासगाव रोडला गाडीवरनं पडला, हेल्मेट नव्हतं. मिरजेत नेला तेव्हा जीसीएस (पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायचा आकडा) १५ पैकी ७, ऑपरेशन करून मेंदूवरची रक्ताची गाठ काढली, १९ दिवस आयसीयूत. डिस्चार्जला "फिजिओ लावा" एवढंच सांगितलं. गावातच फिजिओ लावला आणि महिन्याभरात पोरगं चालायला लागलं, येणारा जाणारा म्हणायचा ठणठणीत झाला की. घरात मात्र जेवून उठला की परत "आई जेवायला वाढ", आणि वाढलं नाही तर ताट भिरकावायचा, जो आयुष्यात कधी आईपुढं आवाज चढवून बोलला नव्हता. मला वाटायचं मुद्दाम करतोय, एकदा हात उचलला मी त्याच्यावर. ते अजून सलतंय.

म्हणून सेंटरबद्दल पहिली गोष्ट हीच सांगतो. सेंटरच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सीटीच्या फिल्म बघून आम्हाला समोर बसवून सांगितलं की कपाळामागच्या भागाला मार बसलाय, राग आवरणं, एकामागून एक काम लावणं हे तिथनं चालतं, हा त्याचा स्वभाव नाही ही दुखापत आहे. त्या दिवशी आई गाडीत बसून रडली.

आमची द्राक्षबाग, फवारणीचं सगळं हाच बघायचा. म्हणून ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं परत करायला शिकवतात ती) मॅडमनी घरचा बेदाणा मागवला, रंग आणि आकार बघून वेगळा करायचा. सुरवातीला दहा मिनिटात डोकं धरून बसायचा. हा आळस नाही, मेंदू खरंच दमतो, म्हणून दहा मिनिटं काम दहा मिनिटं पडून राहणं असं ठरवून दिलं. मग वही आली, फवारणीची एकेक पायरी लिहायची, झाली की टिक. आणि आम्हाला सांगितलं की "आठव बघू आठव बघू" करायचं नाही, अडला की लगेच बरोबर उत्तर सांगा, नाहीतर चुकलेलंच डोक्यात पक्कं होतं. बोलताना टीव्ही बंद, एका वेळी एकच गोष्ट. याने घरातली निम्मी भांडणं कमी झाली, खोटं नाही सांगत.

मागच्या महिन्यात वही बघून त्यानं टाकीचं औषध स्वतः मोजलं, मी नुसता शेजारी उभा होतो. गाडी चालवणं अजून बंदच आहे, फिटच्या गोळ्या चालू आहेत, त्यावरनं कुरबुर होतेच.

एक स्टार का कापला? स्पीच थेरपिस्ट आठवड्यातनं दोनच दिवस, आमच्या भावाला नेमके शब्दच सापडत नाहीत, त्याला जास्त हवं होतं. त्यात दोनदा न कळवता सुट्टी, आम्ही तासगावातनं येऊन हात हलवत परत. सेंटर पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, व्हीलचेअरवाल्यांनी आधी फोन करून विचारा. खर्च सगळा खिशातनं गेला.

जाताना डिस्चार्ज कार्ड, स्कॅनच्या फिल्म, गोळ्यांची चिठ्ठी घ्या आणि जे माणूस दिवसभर पेशंटजवळ असतं त्यालाच न्या. पहिल्या भेटीआधी फोनवर माहिती द्यायला मीच बोललो होतो, मॅडमनी झोप, भूक, चिडचिड कधी होते असं विचारलं आणि मला निम्म्याची उत्तरंच माहीत नव्हती, सगळी आईला विचारून सांगावी लागली.